डाव्या पायाची बट

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साडेतीन महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. कामाचं कारण देता आलं असतं, पण ते अर्धंच खरं. मनगटाबद्दल तुला कळवायचं नव्हतं, आणि ते गाळून दुसरं काही लिहिलं असतं तर ती लपवाछपवी झाली असती. म्हणून काहीच लिहिलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. म्हणून तर पत्रं चालू ठेवली आहेत.

तर, उजव्या मनगटावर पुढच्या आठवड्यात एक छोटी शस्त्रक्रिया आहे. वीस वर्षं मुद्रितं तपासून, समासात खुणा करकरून नस दाबली गेली आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही. सहा आठवडे हातात पेन्सिल नको, सुरी नको, कात्री नको. पेन्सिलीचं कार्यालय बघून घेईल, सुरीचं शेजारीण. प्रश्न कात्रीचा आहे, म्हणजे झिपऱ्याच्या मागच्या बाजूचा.

तू हसशील. हस. पण लांब केसांच्या कुत्र्याची मागची बाजू वेळच्या वेळी कापली नाही की शेपटीखाली घाण अडकते, मांड्यांच्या आत केसांच्या गाठी बसतात, आणि मग बिचारा बसतानासुद्धा कण्हतो. तिथे तो माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही हेही तुला माहीत आहे. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानातल्या बाईला दोनदा दात दाखवून झाले. तिसऱ्यांदा तिनंच मला दार दाखवलं.

म्हणून विचारते, सहा आठवडे त्याला तुमच्याकडे ठेवशील का? वहिनीनं डोकं धरावं आणि बिस्किटं चारावीत, तू मागे बसावंस. बोथट टोकांची कात्री पिशवीत घालते आहे. शेपूट ओढायची नाही, नुसती तळव्यावर तोलायची. कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कायम फणी धरायची. डाव्या मांडीच्या आत एक जुनी गाठ आहे, ती सोडून दे. तीन महिने झाले, मला ती सुटलेली नाही. हात लावला की तो ओरडतो. पाटलोण देखणी दिसली नाही तरी चालेल, स्वच्छ असली म्हणजे झालं.

'पाटलोण' लिहिलं आणि जरा थांबले. मागच्या मांड्यांच्या झालरीला पाटलोण म्हणणारा माणूस घरातून गेला त्याला सव्वीस वर्षं झाली, पण शब्द काही तो घेऊन गेला नाही. असो.

तुम्हा दोघांना आणि दोन्ही पोरींना, म्हणजे चौघांनाही, त्रास होणार आहे हे मला दिसतं आहे. तरीही विचारते आहे, कारण दुसऱ्या कुणाला विचारवत नाही.

लोभ आहेच, तेवढा सहा आठवडे झिपऱ्याकडे वळवावा.

तुझी धाकटी

उद्या: पट्टा, वाटी आणि फणी एका पिशवीत भरणे.


२६ फेब्रुवारी

चि. शुद्धलेखनबाईंस,
अ. उ. आ.

हात कसा आहे? या पत्राचं उत्तर डाव्या हातानं लिहीत बसू नकोस. चष्म्याचं दुकान असलं म्हणून काय झालं, कोंबडीचे पाय मलाही वाचता येत नाहीत.

तुझे चिरंजीव मजेत आहेत. पहिले दोन दिवस दाराकडे तोंड करून असा काही उसासा टाकत होते की शेजारच्यांनी येऊन चौकशी केली. तिसऱ्या दिवशी तुला विसरले. रागावू नकोस, खायला घालील तो आपला, एवढाच त्यांचा हिशोब. वहिनी म्हणते, उद्या जावई आला तरी त्याची एवढी सरबराई व्हायची नाही. आम्ही पाचही जण त्याच्या दिमतीला हजर असतो. सकाळी एक जण फिरवतो, संध्याकाळी दुसरा, आणि दुपारभर स्वारी गॅलरीतल्या खोलीत शिलाई यंत्राच्या पायाशी ताणून देते.

ढुंगणाचं काम (तू 'मागची बाजू' म्हण, मी साधा माणूस आहे) परवा उरकलं. झालं ते इतकं झकास, की बिल्डिंगमधल्या दोघांनी आपापली कुत्री आणू का म्हणून विचारलं. तुझी ती जुनी गाठसुद्धा गेली. कापली नाही, बोटांनी सोडवली. पाऊण तास लागला. ओरडला नाही. कसं काय ते विचारू नकोस. हात काय फक्त तुलाच दिलेत देवानं?

एक गोष्ट बोलायची होती, पण पत्रात नको. भेटल्यावर बोलू. काळजीचं काही नाही.

लोभ झिपऱ्याच्या केसांसारखा वाढत राहू दे. फार वाढला तर कापायला मी आहेच.

तुझा दादा

ता. क. तुझ्या 'उद्या'ची लागण मलाही झाली. उद्या: दुकानाच्या काचा पुसणे. (हे मी रोज लिहितो.)


२ एप्रिल

दादा,
नमस्कार. पुढची अक्षरं आज लिहवत नाहीत.

काल तू झिपऱ्याला सोडायला आलास. चहा घेतलास, माझ्या मनगटावरची खूण पाहिलीस, टाका सुबक आहे म्हणालास. बोलायचं होतं त्याचं काय, असं मी विचारलं, तर काही विशेष नाही म्हणालास आणि गाडी चुकेल म्हणून उठलास. गाडीला अजून पाऊण तास होता. स्टेशन माझ्या खिडकीतून दिसतं, हे तू विसरलास.

तू गेल्यावर मी झिपऱ्याला न्हाणीघरात वर्तमानपत्रावर उभं केलं. मला नुसतं पाहायचं होतं. उजव्या हातानं कापलं की माझ्याकडून कुत्र्याची उजवी बाजू नेहमी बोटभर आखूड होते. तुझंही तसंच व्हायला हवं होतं. इथे डावी बाजू आखूड होती. मांडीवरची झालर खाली येताना, शर्टाच्या घेराला देतात तशी गोल वळवली होती. मी तेव्हाही मनाशी म्हटलं, दादा शिकला की!

मग डावा मागचा पाय उचलला. टाचेच्या वर एक बट. दोन बोटं लांब, न कापलेली, नीट विंचरून खाली सोडलेली.

अशी बट ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तूही. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर आपल्या लाडी कुत्रीला उभी करायचा, शिंपीकामाची ती डावखुरी कात्री घ्यायचा, जी आपल्या दोघांच्याही हातात कधी चालली नाही, आणि लाडीची पाटलोण कापायचा. सगळं कापून झालं की डाव्या टाचेशी एक बट राखायचा. पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते कळायला नको का, असं म्हणायचा. तो घर सोडून गेला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती आणि लाडीच्या पायाला ती बट होती. आईनं ती कापू दिली नाही. खूण ठेवून गेलाय, म्हणजे येईल, म्हणायची. आठ महिने ती बट जमिनीवर लोळत होती. आई मला ओल्या फडक्यानं तिचा चिखल पुसायला लावायची. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापली.

त्याच दिवशी जिन्यात बसून आपण ठरवलं. मी एकोणीस वर्षांची, तू पंचवीस. तो कधी दारात आला, तर दार उघडण्याआधी दुसऱ्याला कळवायचं. उघडायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण आधी कळवायचं. हे शब्द तुझे होते, दादा. मी फक्त मान हलवली होती.

काल तुझी सगळी पत्रं खणातून काढून पुन्हा वाचली. लोकांच्या चुका शोधून मी पोट भरते, आणि ह्या मला दिसल्या नाहीत! आताच्या पत्रात 'आम्ही पाचही जण'. तुम्ही चौघं आहात. गेल्या वर्षी लिहिलंस, शिलाई यंत्र दुरुस्त करून आणलं. वहिनीला बटणसुद्धा लावता येत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी गॅलरीला काचा लावून खोली केलीस, उन्हाचं बरं पडतं म्हणून. तीन वर्षं, नाही का? मोजायला मी चुकले असेन तर सांग.

मला नक्की कशाचा राग आला आहे, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. म्हातारा माणूस कुठल्यातरी छपराखाली राहणारच. ते छप्पर तुझं असावं, असं कदाचित मीच म्हटलं असतं. कदाचित नसतं म्हटलं. मी काय म्हटलं असतं ते मला आता कधीच कळणार नाही, कारण तू ते म्हणूच दिलं नाहीस. राग याचा आहे. आणि दुसरी गोष्ट फार क्षुद्र आहे, तरी लिहिते. ती गाठ. तीन महिने ती मला सुटली नाही, आणि त्याच्या हाताखाली झिपऱ्या ओरडला नाही. मला खरं सांग, डोकं कुणी धरलं होतं?

इथे लोभ मागायची पद्धत आहे. आज मागत नाही.

धाकटी

उद्या: सुचत नाही.


७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मोजण्यात तू चुकली नाहीस. तीन वर्षं दोन महिने.

आधी तू विचारलंस ते सांगतो. डोकं कुणीच धरलं नव्हतं. वहिनी बिस्किटं घेऊन पुढे आली, तर बाबा म्हणाले, लाच कशाला देता, तो काय कचेरीतला कारकून आहे? स्टुलावर बसले, झिपऱ्याच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, आणि तो आपणहून वळला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. पाऊण तास. वहिनीनं धरलं होतं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आता तेवढंही खोटं नको.

ते माझ्या घरी आले नव्हते, दुकानात आले होते. गिऱ्हाईक म्हणून, नंबर काढायला. तपासणीची जड चौकट त्यांच्या नाकावर चढवली, समोरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि मी त्यांना आवाजावरून ओळखलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. दार उघडण्याआधी कळवायचं होतं, म्हणतेस. दुकानाला दार नसतं, शटर असतं, आणि ते सकाळपासून उघडंच होतं. हा विनोद मी तीन वर्षं स्वतःला सांगतो आहे. कागदावर उतरवल्यावर त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

कळवलं का नाही? कळवलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला तुम्हा दोघांतून एक निवडावं लागलं असतं. हे पहिलं कारण. दुसरं लिहून चारदा फाडलं आहे. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी सांगितलं की वर्षभरापूर्वी त्यांनी तुला कार्ड टाकलं होतं, पत्त्यासकट. मी वाट पाहिली. आज कळवशील, पुढच्या पत्रात कळवशील. तू कळवलं नाहीस. मग मलाही कळवावंसं वाटेना. फिटंफाट झाली, असं मनाला समजावलं. झाली नाही, ठाऊक आहे.

बट मी पाहिली होती. निघायच्या सकाळी कात्री हातात घेतली होती. एक चिमूट केस, कापले असते तर तुला कधी कळलं नसतं. नाही कापले. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्या पायाला बांधून पाठवलं म्हण. चहा पिताना मी सगळा वेळ त्याच्या पायाकडेच बघत होतो.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र काल त्यांना वाचून दाखवलं, सगळं. मग उठले, कात्री फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. म्हणाले, हाकलायचं तर तिनं तिच्या तोंडानं हाकलावं, तुझ्यामार्फत परत पाठवायला मी काय पार्सल आहे? मी बरोबर येतो म्हटलं, तर नको म्हणाले. तू आलास की ती तुझ्यावर ओरडेल आणि मी फुकटचा वाचेन, म्हणाले. येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं निघतायत. चार वाजेपर्यंत तुझ्या दारात असतील. तुझ्या जिन्याला कठडा आहे ना?

या वेळी आधी कळवतो आहे. तीन वर्षं उशिरा. उघडायचं की नाही, ते तू ठरव.

लोभ शिल्लक असेल तेवढा पुरे.

दादा


शनिवार, १२ एप्रिल

ती. दादास,
न. वि. वि. साष्टांग घालण्याइतकी मी अजून वाकत नाही.

तुझं पत्र काल मिळालं. कार्ड आलं होतं. तीन ओळींचं होतं, पाठ आहे मला. मी बरा आहे. पत्ता मागे दिला आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. त्यातली शेवटची ओळ मी परवानगी म्हणून घेतली. कार्ड डायरीच्या मागच्या खिशात ठेवलं, आणि दर नव्या वर्षी जुन्या डायरीतून काढून नव्या डायरीत ठेवलं. त्यामुळे विसरले, असंही म्हणता येत नाही. आपलं ठरलं होतं ते दाराबद्दल, कार्डाबद्दल नव्हे, असं मी त्या दिवशी डायरीत तारखेसह लिहून ठेवलेलं आज सापडलं. तुझं शटर आणि माझं कार्ड. एकाच आईची पोरं आपण.

मला वाटलं होतं, हे कबूल केलं की राग उतरेल. उतरला नाही. मी एक कागद लपवला. तू एक माणूस लपवलास, जो रोज सकाळी तुझ्या घरात पाचव्या कपातून चहा पितो, आणि त्याच टेबलावर बसून तू मला 'बाकी सर्व ठीक' लिहीत होतास. शिवाय, माझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, हे तू किती सहज लिहिलंस! म्हणजे आधीचीही दाखवत असणार. माझं मनगट, कार्यालयातली भांडणं, त्या वर्षीचं माझं आजारपण, जे मी तुझ्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मी एकाला लिहीत होते आणि ऐकत दोघं होते. हे लक्षात आलं तेव्हा खणातली तुझी सगळी पत्रं परत करावीत आणि तुझ्याकडून माझीही मागून घ्यावीत, असं वाटलं.

आज सकाळी झिपऱ्याला पुन्हा वर्तमानपत्रावर घेतलं. कापण्याइतके केस वाढलेले नाहीत, तरी. खरं सांगायचं तर मला पाहायचं होतं, माझ्यासाठीही तो आपणहून पाठ करून उभा राहतो का. नाही राहिला. नेहमीसारखी बैठक मारली. पोटाखाली हात घालून उचलावं लागलं. सात वर्षं त्याला भरवते आहे. रागावू नकोस म्हणतोस. कुणाकुणावर रागवायचं नाही?

पहिल्यांदा हातात स्वयंपाकघरातलीच कात्री आली होती. ती खाली ठेवली. बोथट टोकांची घेतली, मध्ये फणी धरली आणि ती बट कापली. मनगट दुखलं, पण चाललं. लाडीची बट मी कापली ती त्यांनी येऊ नये म्हणून. ही कापली ते येतायत म्हणून. परत यायची खूण त्यांनी ठेवायची आणि आम्ही तिचा चिखल पुसत बसायचं, हे एकदा झालं. आता सुरुवात कुठून करायची, हे त्यांना मला विचारावं लागेल.

तर ठरल्याप्रमाणे आधी कळवते, उद्या चार वाजता मी दार उघडणार आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर ते उघडूनही झालेलं असेल, पण पेटीत आजच टाकते, म्हणजे तारखेपुरता तरी मी शब्द पाळला. पुढचं मला माहीत नाही. ओरडेन बहुतेक. आईच्या फडक्याबद्दल विचारेन. आत घेईन की जिन्यातच उभं ठेवीन, तेही ठरलेलं नाही. जिन्याला कठडा आहे, चढताना डाव्या हाताला.

एकच गोष्ट मला सहन होणार नाही. मी दाराशी उभी असताना झिपऱ्यानं माझ्या बाजूनं निसटून पुढे धावावं, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं.

लोभाचं नंतर पाहू. तोवर तो तुझ्याकडेच राहू दे.

तुझी धाकटी

उद्या: चार वाजायच्या आत झिपऱ्याला आतल्या खोलीत बांधणे.